परभणी ते जिनिव्हा : कोठडीतील छळ, आंतरराष्ट्रीय देखरेख आणि सरकारची उत्तरे

परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी लागते. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. उद्या या ठाण्यात किंवा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात एखाद्या तरुणाला मारहाण झाली, तर त्याची दाद कुठे मागायची? तालुक्याच्या न्यायालयापासून संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा येथील कार्यालयापर्यंत कोणकोणत्या पायऱ्या आहेत? त्यातल्या कोणत्या भारतीय नागरिकाला खुल्या आहेत आणि कोणत्या बंद? आंदोलनात उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाला हे माहीत असले पाहिजे. त्यासाठी हा लेख.

परभणीत काय घडले?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. जगभर हा दिवस मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्या दिवशी बंद पाळण्यात आला, त्याला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होते. वय ३५, वडार समाजातले, कायद्याचे विद्यार्थी. पोलीस कोठडीनंतर त्यांची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली आणि १५ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. छत्रपती संभाजीनगर येथे शवविच्छेदन झाले. त्याच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदवले गेले.

त्याच आठवड्यात नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निवेदन केले. सोमनाथ यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, चित्रीकरणात मारहाण दिसत नाही आणि त्यांना श्वसनाचा आजार होता, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत न्यायालयीन चौकशी, दहा लाखांची मदत आणि एका पोलीस निरीक्षकाचे निलंबन जाहीर झाले.

पुढे दंडाधिकारी चौकशीचा अहवाल आला. त्यात पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला आणि राज्य मानवी हक्क आयोगाने संबंधितांना नोटिसा काढल्या. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. सोमनाथ यांच्या आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आईच्या तक्रारीवरून आठवडाभरात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै रोजी तेथेही सरकारची याचिका फेटाळली गेली.

म्हणजे मृत्यूनंतर साधा गुन्हा नोंदवण्याचा आदेश कायम व्हायला साडेसात महिने लागले, आणि तोही सरकारशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून.

परभणीला हा अनुभव नवा नाही. याच जिल्ह्यातला ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून पळाला, असे सांगण्यात आले. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मरण पावल्याचे पुढे आले. त्याच्या आईने वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवले. खटला रेंगाळला आणि चार आरोपी पोलीस २०२० मध्ये सेवेत परत घेतले गेले. जात वेगळी, धर्म वेगळा, पण दोन्ही ठिकाणी लढणारी व्यक्ती आईच आहे.

छळ म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला गेला आणि २६ जून १९८७ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्या कलमानुसार छळ ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, शरीराला किंवा मनाला जाणूनबुजून दिलेली तीव्र वेदना. दोन, त्यामागे हेतू : कबुली घेणे, शिक्षा देणे, दहशत बसवणे किंवा कोणत्याही प्रकारचा भेदभाव. तीन, शासकीय अधिकाऱ्याचा हात, संमती किंवा मूक मान्यता. यातला ‘भेदभाव’ हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. जात विचारून, शिव्या देऊन केलेली मारहाण या व्याख्येत बसते.

युद्ध असो, दंगल असो की आणीबाणी, कोणत्याही परिस्थितीत छळाचे समर्थन करता येत नाही, असे दुसरे कलम सांगते. ‘जमाव हिंसक झाला होता’ हे कोठडीतल्या मारहाणीचे उत्तर होऊ शकत नाही, ते यामुळेच.

भारताने सही केली, पुढे काय?

भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी या करारावर सही केली. पण सही म्हणजे इरादा. करार बंधनकारक होण्यासाठी अनुसमर्थन करावे लागते. ते भारताने आजवर केलेले नाही.

शेजाऱ्यांकडे पाहा. नेपाळने १९९१ मध्ये, श्रीलंकेने १९९४ मध्ये, बांगलादेशने १९९८ मध्ये आणि पाकिस्तानने २०१० मध्ये हा करार स्वीकारला. तिथे छळ थांबला, असे नाही. पण तिथल्या सरकारांना छळविरोधी समितीपुढे अहवाल द्यावा लागतो आणि प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. भारताला द्यावी लागत नाहीत.

देशात प्रयत्न झाले. छळ प्रतिबंधक विधेयक ६ मे २०१० रोजी लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. समितीने सुधारणा सुचवल्या, पण पुढे विधेयक तसेच पडून राहिले आणि लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात कराराला मान्यता देण्याची शिफारस केली आणि कायद्याचा मसुदाही दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा करण्याचा आदेश संसदेला देण्यास नकार दिला, कारण कायदा करणे हे संसदेचे काम आहे.

आंतरराष्ट्रीय देखरेख कशी चालते?

१. छळविरोधी समिती. दहा स्वतंत्र तज्ज्ञांची ही समिती कराराची अंमलबजावणी तपासते. अनुसमर्थन नसल्याने भारतीय नागरिकाला तिच्याकडे तक्रार करता येत नाही. हे दार बंद आहे.

२. मानवी हक्क समिती. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला भारत १९७९ पासून बांधील आहे. त्याचे सातवे कलम छळाला बंदी घालते. या कराराखाली भारताची तपासणी १९९७ मध्ये झाली, त्यानंतर थेट जुलै २०२४ मध्ये. मध्ये २७ वर्षे गेली. वैयक्तिक तक्रारीचा जादा करार भारताने स्वीकारलेला नाही. पण तपासणीच्या वेळी संघटना आपला अहवाल पाठवू शकतात.

३. वांशिक भेदभाव निर्मूलन समिती. २००७ मध्ये या समितीने जातिभेद हा ‘कूळ’ (descent) या संज्ञेत येतो, असे भारताला सांगितले आणि दलित-आदिवासींच्या कोठडीतील छळाच्या तक्रारींवर चिंता व्यक्त केली. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका राहिली.

४. सार्वत्रिक नियतकालिक आढावा. मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाचा क्रमाने आढावा घेतला जातो. भारताचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. छळविरोधी कराराला मान्यता द्या, ही शिफारस वारंवार आली. आढाव्यापूर्वी संघटनांना लेखी निवेदन देता येते.

५. विशेष प्रतिवेदक. छळाविषयीचे हे पद १९८५ मध्ये निर्माण झाले. ऑगस्ट २०२२ पासून डॉ. ॲलिस जिल एडवर्ड्स या पदावर आल्या. देशाने छळविरोधी करार स्वीकारला नसला तरी प्रतिवेदक त्या सरकारला पत्र पाठवून खुलासा मागू शकतात. म्हणून भारतीय नागरिकासाठी हेच सर्वांत मोठे खुले दार आहे. देशातले सगळे न्यायालयीन मार्ग संपलेच पाहिजेत, अशी अट नाही. शुल्क नाही. पीडित किंवा कुटुंबाची संमती मात्र हवी. आरोपपत्राला उत्तर देण्यासाठी सरकारला साधारण ६० दिवस मिळतात. त्यानंतर पत्र आणि आलेले उत्तर दोन्ही जाहीर होतात.

सरकारची उत्तरे कशी असतात?

पहिले उत्तर : आमच्याकडे छळ होत नाही. २०१७ च्या आढाव्यात तत्कालीन महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी छळ ही कल्पना आपल्या संस्कृतीला परकी असल्याचे जिनिव्हात सांगितले. मनुस्मृतीतल्या शिक्षा वाचलेल्या आणि बाबासाहेबांनी महाडला ती का जाळली हे जाणणाऱ्या समाजाने या वाक्यावर काय म्हणावे?

दुसरे उत्तर : आमचे कायदे पुरेसे आहेत. संविधानाची कलमे २०, २१, २२ आहेत. कबुलीसाठी केलेल्या मारहाणीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली शिक्षा आहे. हे खरे. पण छळ हा स्वतंत्र गुन्हा नाही, आणि शासकीय सेवकावर खटला चालवायला अनेकदा सरकारचीच मंजुरी लागते.

तिसरे उत्तर : आम्ही विचार करत आहोत. १९९७ पासून विचार चालू आहे.

चौथे उत्तर : तो आजारी होता, पळून गेला, त्याने तक्रार केली नव्हती. हे उत्तर जिल्हा पातळीवर तयार होते आणि तेच वर जाते. म्हणून खालची नोंद पक्की असणे हे वरच्या लढाईचे मूळ आहे.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या आंतरराष्ट्रीय मानांकनाचा निर्णय २०२३ आणि २०२४ मध्ये लांबणीवर पडला. आयोगाच्या तपासात पोलीस अधिकाऱ्यांचा सहभाग हा त्यातला एक आक्षेप होता. तपास करणारा आणि ज्याचा तपास होतो तो एकाच खात्यातला नसावा, हे परभणीच्या रस्त्यावरचा माणूसही सांगेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

अटक होताच वेळ, ठिकाण आणि नातेवाइकांना कळवल्याची नोंद ठेवा. डी. के. बसू खटल्यातील १८ डिसेंबर १९९६ च्या निकालाने हे पोलिसांवर बंधनकारक आहे.

अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी कलम ५३ (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) खाली हक्काची आहे. तिच्या अहवालाची प्रत मागा. दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केल्यावर जखमा दाखवा आणि त्या लिहून घ्यायला सांगा. भीतीमुळे त्या क्षणी आरोपी गप्प राहिला, तर पुढे तोच मुद्दा सरकारच्या निवेदनात येतो. शक्यतो वकील तिथे हजर ठेवा.

सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात ठाण्यांमध्ये कॅमेरे लावण्याचा आणि चित्रीकरण साठवण्याचा आदेश दिला आहे.

कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवणे प्रशासनावर बंधनकारक आहे. शवविच्छेदनाचे चित्रीकरण आणि कलम १९६ खालील दंडाधिकारी चौकशीची मागणी लेखी करा. आयोगाकडील तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत गेली पाहिजे.

जखमांची नोंद इस्तंबूल प्रोटोकॉलप्रमाणे आणि संशयास्पद मृत्यूचा तपास मिनेसोटा प्रोटोकॉलप्रमाणे व्हावा, असे अर्जात नमूद करा. या दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिका आहेत.

याच कागदांचा इंग्रजी संच कुटुंबाच्या संमतीने विशेष प्रतिवेदकांकडे पाठवता येतो. जिनिव्हाचे पत्र कोणालाही तुरुंगात टाकत नाही. पण सरकारला लेखी उत्तर देण्याची वेळ आणते, आणि ते उत्तर कायम नोंदीत राहते. परभणीच्या आईने औरंगाबादेत आणि दिल्लीत जे मिळवले, ते भाषणांनी मिळाले नाही. शवविच्छेदनाचा अहवाल, तीन दिवसांत दिलेली लेखी तक्रार आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी या कागदांनी मिळाले. बोरीपासून जिंतूरपर्यंत प्रत्येक गावात असे कागद करू जाणणारे दोन तरुण तरी तयार झाले पाहिजेत. जय भीम.