गर्भपाताची गोळी : थोडा इतिहास, थोडी सावधगिरी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला तेव्हा मी सणवारांवर काहीतरी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण एक रात्र माझ्या मनातून जात नाही. ओळखीतली एक सून, पदरी दोन लेकरे. पुन्हा दिवस राहिले म्हणून तिने औषधाच्या दुकानातून कोणालाही न विचारता गोळ्या आणवल्या व चोरून घेतल्या. तिसऱ्या दिवशी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. जुन्या साडीच्या घड्यांवर घड्या भिजल्या होत्या, आणि ती एवढेच म्हणत होती, "काकू, घरी कोणाले सांगू नका." हिंगणघाटला नेले, पिशवी साफ करावी लागली, रक्त चढवावे लागले. बाई वाचली. तिच्या परवानगीने, ओळख पटू नये इतके तपशील वगळून, हे लिहीत आहे.

मी डॉक्टर नव्हे, निवृत्त शिक्षिका आहे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून ही चोरी आली कोठून, याचा शोध मी इतिहासातच घेतला.

इंग्रज सरकारने १८६० साली केलेल्या दंडसंहितेत, आईचा जीव वाचवण्याचे कारण सोडल्यास, गर्भपात हा गुन्हा ठरला. आणि ज्या बाईने स्वतःच तो केला, तीही गुन्हेगार ठरली. इकडे विधवेला पुनर्विवाह नाही, आणि दिवस राहिले तर जगात तोंड दाखवायला जागा नाही. अशा स्त्रियांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. तरीही १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेने लोकलज्जेच्या भयाने आपले नवजात मूल मारले आणि तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. या प्रकरणी सर्व दोष बायकांच्या माथी मारला जात असता आपल्या वऱ्हाडातील, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून सडेतोड सवाल केला. पुरुष नामानिराळा राहतो आणि शिक्षा बाईलाच का, हा तो सवाल. भगिनींनो, त्या रात्री न्हाणीच्या दारात उभी असताना मला तोच सवाल आठवला.

आपल्या वर्धा जिल्ह्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या प्रचारक अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. त्यांचा आग्रह साधनांचा, गांधीजींचा संयमाचा. मतभेद काही मिटला नाही. पुढे सेवाग्रामच्या डॉ. सुशीला नायर केंद्रात आरोग्यमंत्री असताना, १९६४ मध्ये, महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका दगावतात, हे ओळखून समितीने १९६६ च्या अहवालात कायदा सैल करण्याची शिफारस केली. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

गोळी त्यानंतरची. १९८० मध्ये फ्रान्समध्ये मिफेप्रिस्टोन तयार झाले व १९८८ मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. भारतात ही मान्यता २००२ मध्ये आली. सोबतचे दुसरे औषध मिसोप्रोस्टॉल हे मूळचे पोटातील अल्सरचे औषध. पहिली गोळी गर्भ धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यावयाचे दुसरे औषध पिशवीला कळा आणून ती रिकामी करते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून नऊ आठवड्यांपर्यंत हा उपाय आपल्याकडे मान्य आहे, आणि शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव जणींत किंवा त्याहून अधिक जणींत तो पुरा पडतो.

मग त्रास कोणता? पोटात पाळीपेक्षा जोराच्या कळा येतात, पाळीपेक्षा जास्त अंगावरून जाते, गाठी पडतात. मळमळ, उलटी, जुलाब, थंडी, थोडा ताप हेही होते. पहिल्या दिवसाचा जोर ओसरल्यावर थोडे थोडे रक्त दीड-दोन आठवडे जाऊ शकते. इतके अपेक्षितच आहे, घाबरू नये. परंतु तासाला दोन मोठी पॅड पूर्ण भिजत असतील आणि असे सलग दोन तास चालले, ताप दिवसभर उतरत नसेल, घाण वास येत असेल, औषधानेही पोटदुखी थांबत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठावा. मुळीच रक्त गेले नाही तरीही दाखवावे. गर्भ पिशवीबाहेर नळीत असेल तर ही गोळी त्यावर चालत नाही, आणि नळी फुटली तर जीव जातो. म्हणूनच आधी तपासणी व दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. अंगात रक्त फार कमी असणे, सिकलसेल, रक्त पातळ करणारी औषधे, बराच काळ चाललेले स्टिरॉइड, आत बसवलेली तांबी, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुढे मूल होण्यास या गोळीने बाध येत नाही. उलट पाळी येण्यापूर्वीच पुन्हा दिवस राहू शकतात, तेव्हा साधनाचेही तेथेच विचारावे.

कायद्याचेही ऐका. ठरलेल्या कारणांसाठी, आणि साधन फसले हेही त्यातील एक कारण, नोंदणीकृत व पात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली गर्भपात कायदेशीर आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री' असे शब्द आले. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हा मात्र निराळा विषय आहे. गर्भाचे लिंग पाहण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. पण तिची भीती घालून गरजू बाईला परत पाठवणे योग्य नव्हे.

कायदा बदलला, औषध बदलले. "कोणाले सांगू नका" मात्र बदलले नाही. त्या सुनेला गोळीपेक्षा गप्प राहण्याने अधिक मारले असते. पहिल्याच रात्री तिने सासूला उठवले असते आणि सासूने रागे न भरता गाडी बोलावली असती, तर रक्त चढवण्याची वेळ बहुधा आलीच नसती.

म्हणून विनंती एवढीच. आपल्या सुनेने, लेकीने वा शेजारणीने असे काही सांगितले, तर आधी तिला घेऊन दवाखान्यात जावे. बोलायचे ते तिला बरे वाटल्यावर बोलावे. आणि सोबत कोणी नसेल, तर माझे दार वाजवावे. मी येईन.