कुत्र्या-मांजराला गोचीड, पिसवा झाल्या? धानावरचं औषध चुकूनही मारू नका

साकोली : पावसाळा लागला की गावोगावी कुत्र्यांच्या कानात, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड दिसू लागतात. मांजरांना पिसवा होतात. तालुक्यात घरोघरी कोठा आणि तणसाचा ढीग असतो, कुत्रा त्यातच झोपतो आणि ढोरांबरोबर रानातही जातो. त्यामुळे घरच्या जनावराला गोचीड लागणं नवीन नाही. चूक होते ती उपाय करताना. कोणी रॉकेल चोळतो, कोणी जळकं ऑइल लावतो, तर कोणी धानावर फवारायचं औषध पाण्यात मिसळून थेट कुत्र्यावर ओततो. यात गोचिडाआधी कुत्राच मरू शकतो.

शेतातलं औषध का चालत नाही?

पिकावरची कीटकनाशकं कातडीतून अंगात भिनतात. शिवाय कुत्रा-मांजर अंग चाटतात, म्हणजे विष पोटातही जातं. तोंडाला फेस, थरथर, झटके ही विषबाधेची लक्षणं आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले होते. माणसाला जे झेपत नाही, ते १५ किलोच्या कुत्र्याला कसं झेपेल?

काही जण म्हणतात, ‘फिप्रोनिल तर कुत्र्याच्या औषधातही असतं.’ खरं आहे. खोडकिडीसाठी धानात टाकतात त्या दाण्यांतही ते असतं. पण कुत्र्यासाठीचं औषध वेगळ्या प्रमाणात आणि वेगळ्या द्रावणात बनवलेलं असतं. नाव एक असलं तरी वापर एक नाही.

गोचीड आणि पिसू : फरक ओळखा

गोचीड कातडीला चिकटून रक्त पितो आणि फुगतो. पोट भरलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा कोठ्याच्या कोपऱ्यात शिरून हजारो अंडी घालते. पिल्लं काही न खाता महिनोन्महिने तग धरू शकतात. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही.

पिसू उडी मारते. तिची अंडी अंगावरून गळून बारदान, चादर, तणसात पडतात. ओळखायची सोपी रीत : बारीक दातांच्या फणीने केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कण विरघळून लालसर डाग पडला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त आहे. पिसू गिळली गेली तर कुत्र्या-मांजराला पट्टकृमी होऊ शकतो.

गोचीड कसा काढावा?

१. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा.
२. चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ, हळू ओढा. पिळू नका.
३. काडी पेटवून चटका देऊ नका, रॉकेल टाकू नका.
४. काढलेला गोचीड बोटाने चिरडू नका. स्पिरिट किंवा साबणाच्या घट्ट पाण्यात बुडवा.
५. जागा व हात साबणाने धुवा.

कोठा आणि सपरीची सफाई

भिंतीच्या भेगा मातीने बुजवून चुना मारा. जमीन सारवलेली ठेवा. कुत्र्याचं बारदान आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. जुनं तणस बदला. आग लावून गोचीड जाळायला जाऊ नका, तणसाने कोठाच पेटेल. ढोरांना गोचीड असतील तर त्यांचाही उपचार त्याच वेळी करा, नाहीतर कुत्र्याला पुन्हा लागतील.

मांजर आणि पिल्लांची वेगळी काळजी

परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर ते दगावू शकतं. एकच बाटली दोघांना वापरू नका. लहान पिल्लांना औषधाऐवजी फणी आणि सौम्य साबण वापरा, पुढचं डॉक्टरांना विचारा. जनावराचं वजन सांगितल्याशिवाय औषध घेऊ नका.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

गोचिडामुळे कुत्र्याला एर्लिकिओसिस, बबेसिओसिस असे रक्ताचे आजार होतात. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, लाल किंवा कॉफीसारखी लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. रक्त तपासून आजार कळतो आणि वेळेत औषध मिळालं तर जनावर वाचू शकतं. पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

माणसांनीही जपावं

गोचिडामुळे माणसालाही आजार होतात. सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप पसरला होता, तो गोचिडाच्या चाव्यातून होतो. स्क्रब टायफस मात्र गोचिडाने नाही, तर गवत-झुडपातल्या बारीक चिगर किड्यांमुळे होतो. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात त्याचे रुग्ण आढळले होते. नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत रानातून आल्यावर कपडे बदलावेत, अंग तपासावं आणि आंघोळ करावी. अंगावर काळी खपली आणि ताप असेल तर दवाखान्यात जाऊन ‘रानात गेलो होतो’ हे आवर्जून सांगावं.