प्लेगच्या बातम्यांतल्या बायका



कोरोनात सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा तासाभरात आमच्या दाराचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. फ्लॅट नंबरसकट. सासूबाई बऱ्या झाल्या, पण तो फोटो त्या अजून विसरलेल्या नाहीत. "माझ्या आजाराची बातमी, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही," असं त्या म्हणतात. त्यांच्या या वाक्यामुळेच मी पुण्याच्या प्लेगबद्दल वाचू लागले.

1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने घरं तपासायला गोरे सोल्जर पाठवले. ते स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. आजाऱ्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, आणि सामान बाहेर काढून जाळायचं! सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात घरातल्या बाईला काय वाटलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

'केसरी'ने या जुलमावर कडक लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, गाव सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना टिळकांनी सुनावलं आणि स्वतः हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उघडलं. हे मला फार मोठं वाटतं. पण त्या सगळ्या गदारोळात बाई दिसते ती 'आपल्या घरातली अब्रू' म्हणून. ती स्वतः काय म्हणाली, ते शोधावंच लागतं.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मधून सांगितलं, की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. मोठी खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं गोखल्यांनी दिली नाहीत, पुरावाही हाती लागला नाही, आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांच्या चरित्रात ही माफी सविस्तर येते. त्या दोघी मात्र तिथेच राहिल्या. त्या खरंच होत्या का? होत्या, तर आपलं नाव सांगून पुढे येणं त्यांना परवडलं असतं का? मला विचाराल तर, नाही.

त्याच वर्षी एका बाईने मात्र स्वतःच्या नावाने लिहिलं. पंडिता रमाबाई. 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी पत्रात त्यांनी प्लेगच्या इस्पितळात तरुण स्त्रिया सुरक्षित नाहीत असं लिहिलं, आणि आपल्याच संस्थेतून तिथे नेलेल्या एका मुलीचा दाखला दिला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते साफ नाकारलं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, 'केसरी'ने आधीच त्यांच्या शारदासदनावर टीका केलेली. त्यामुळे स्वकीयांत त्यांच्या पाठीशी उभं राहणारं फारसं कोणी नव्हतं. तरी त्यांनी लिहिलं, आणि त्या मुलीला जगापुढे उभं न करता स्वतःचं नाव पुढे केलं.

22 जून 1897 ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला, अठरा महिन्यांची शिक्षा. मग वर्तमानपत्रांत तेच, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही तेच.

परवा सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. गव्हाचं सूप हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "त्या मुलीचं पुढं काय झालं गं?"