स्टेपनीची पारख

मोटारीच्या जादा चाकाला आपल्याकडील चालक 'स्टेपनी' म्हणतात. हे नाव आले वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तेथील टॉम व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ मध्ये हे चाक पुढे आणले. तोपर्यंत टायर फुटला की चालकाला भररस्त्यात बसून तो दुरुस्त करावा लागे. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे आरे नसलेला रिम आणि त्यावर हवा भरलेला टायर. मूळ चाक न काढता हे त्याच्या बाजूला चिमट्यांनी आवळीत. मुक्काम गाठण्यापुरती ती सोय होती.

पुढे चाक किंवा रिम काढता-घालता येऊ लागला, तेव्हा मापाचा प्रश्न उभा राहिला. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला अमेरिकेत आरंभी पुढे तीन इंची व मागे साडेतीन इंची टायर असत. १९१९ च्या सुमारास सुटे होणारे रिम मिळू लागले. त्या गाड्यांचे चारही टायर साडेतीन इंची झाले आणि एकच जादा टायर कोठेही चालू लागला. याच मॉडेलवर फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातच बांधलेला पिकअप विक्रीस आणला. त्याची किंमत होती २८१ डॉलर.

माप जुळले तरी काम संपत नाही, हे मी अनुभवाने शिकलो. शाळेची बाके आणताना घाटात आमच्या पिकअपचे मागचे चाक बसले. चालकाने लावलेली स्टेपनी लहान मोटारीच्या हलक्या टायरची होती. बोल्टची भोके जुळली, म्हणून ती बसली. पण दोन वळणांनंतर तीही फुटली. ती रात्र आम्ही त्याच बाकांवर काढली.

पिकअपच्या मालाचा बहुतेक भार मागच्या चाकांवर पडतो. म्हणून स्टेपनी निवडताना भोकांची संख्या व अंतर पाहावेच. शिवाय टायरची उंची इतर चाकांएवढी आणि त्यावर छापलेली भारक्षमता गाडीला नेमून दिलेल्यापेक्षा कमी नसावी. उंचीत फरक असला तर मागची दोन चाके कमीअधिक वेगाने फिरतात आणि डिफरन्शियल झिजतो. टायरवरील शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात : '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पुष्कळ पिकअपांची स्टेपनी हौद्याखाली चिखलात लटकलेली असते. तिची हवा महिन्यातून एकदा तरी तपासावी.

डेव्हिस बंधूंची स्टेपनी गाडीला घरी पोचवी. भरल्या पिकअपची स्टेपनी मात्र मालासह घाट चढणारी हवी.