हळद : घटकमापन

सुक्या हळदीतील रंगद्रव्य, बाष्पनशील तेल व पोषक द्रव्ये यांचे प्रमाण रासायनिक परीक्षेने ठरविण्याची रीत. सांगली ही या जिनसाची देशातील एक प्रमुख बाजारपेठ असून, तेथील हळदीस 2018 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून गाभ्याचा रंग व कणखरपणा पाहण्याची वहिवाट अनुभवसिद्ध खरीच. परंतु डोळ्यांस दिसणारा पिवळेपणा म्हणजे औषधी द्रव्याचे वजन नव्हे, आणि मापनाची गरज नेमकी येथेच उत्पन्न होते.

हळदीचा पीतवर्ण मुख्यत्वे कुर्कुमिनाचा. व्होगेल व पेल्त्ये यांनी 1815 मध्ये ते वेगळे केले आणि 1910 मध्ये त्याची संरचना निश्चित झाली. त्याच्या जोडीस त्याच कुळीची आणखी दोन द्रव्ये असतात; तिन्हींचे मिळून प्रमाण सामान्यतः 2 ते 5 टक्के भरते. हळदीवर टाकणखार व लिंबाचा रस यांचा संस्कार करून कुंकू करणाऱ्या कारागिरांस या द्रव्याचा स्वभाव नावावाचून ठाऊक होता. आज रसायनज्ञ त्याच लालीवरून बोरॉनाचे सूक्ष्म प्रमाण मोजतात, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

प्रचलित रीतीत चूर्णाचा मद्यार्कातील अर्क काढून 425 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तो किती शोषतो हे पाहतात. ही रीत स्वस्त व जलद आहे. मात्र ती तिन्ही द्रव्ये एकत्रच मोजते, आणि भेसळीचा मेटॅनिल यलो हा रंगही अर्कात उतरून आकडा फुगवू शकतो. म्हणून जेथे खातरजमा हवी तेथे उच्च दाबाच्या द्रव-वर्णलेखनाने घटक पृथक् करतात. तेल ऊर्ध्वपातनाने मोजतात. ते बहुधा 3 ते 5 टक्के निघते. गड्डे व हळकुंडे यांचे आकडे सारखे नसतात, ओलाव्यानेही ते बदलतात. यास्तव नमुना कोणता व किती सुका हे नमूद केल्यावाचून कोणताही आकडा ग्राह्य धरू नये. कुर्कुमिन उजेडात विटते, म्हणून प्रयोगशाळेत अर्क प्रकाशापासून जपतात. सांगलीलगतच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या काळोख्या पेवांत साठविण्याची जी प्रथा होती, तिचे एक मर्म यातून उलगडते.

शंभर ग्रॅम हळदीत कर्बोदके सुमारे 69, प्रथिने 6 व स्निग्ध द्रव्ये 5 ग्रॅम असतात. तथापि आमटीत पडते ती चिमूटभर, त्यामुळे पोषणाच्या हिशेबात तिचा वाटा अल्पच. औषधाचा हिशेब याहून कठीण आहे. तीन टक्के कुर्कुमिनाच्या तीन ग्रॅम चूर्णात ते 90 मिलिग्रॅम भरते, पण त्यातील फारच थोडे रक्तात पोहोचते. सोबत मिरीतील पिपेरिन दिल्यास हे शोषण पुष्कळ वाढते, असे 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले.