कल्याणयोजना व गुन्हेगारी

निराधार, अपंग व अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना शासनाकडून मिळणाऱ्या साहाय्यात वाढ वा कपात झाली असता गुन्ह्यांच्या प्रमाणावर व प्रकारांवर होणारा परिणाम. दारिद्र्य वाढले की सर्वच गुन्हे वाढतात, हा समज जुना असला, तरी तो पुराव्यावर टिकत नाही. जर्मन सांख्यिक गेओर्ग फोन मायर याने १८६७ मध्ये बव्हेरियातील १८३५–६१ या काळातील आकडे तपासले, तेव्हा राय धान्याचे भाव चढले की चोऱ्या वाढतात, असे त्यास आढळले. या काळाच्या अलीकडील फेरअभ्यासात मात्र अशा वर्षी हिंसक गुन्हे घटल्याचे दिसते. नापिकीमुळे बिअर महागून मद्यपान कमी झाले असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर पुरावा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून मिळतो. बिल क्लिंटन यांनी २२ ऑगस्ट १९९६ रोजी संमत केलेल्या कायद्याने तेथील कल्याणव्यवस्था पालटली. अपंग मुलांना मिळणाऱ्या मासिक साहाय्याची पात्रता अठरा वर्षे पूर्ण होताच प्रौढांच्या निकषांवर पुन्हा तपासली जाऊ लागली व अनेकांचे साहाय्य थांबले. या तारखेच्या थोडे आधी वा थोडे नंतर अठरावे वर्ष पूर्ण होणे हा केवळ योगायोग. त्यामुळे दोन्ही गटांची तुलना विश्वसनीय ठरते. मानसी देशपांडे व मायकेल म्यूलर-स्मिथ यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार साहाय्य गमावलेल्यांवरील आरोपांत पुढील दोन दशकांत सु. २० टक्के वाढ झाली. परंतु चोरी, घरफोडी, फसवणूक, वेश्याव्यवसाय अशा पैसा मिळवून देणाऱ्या गुन्ह्यांत ती सु. ६० टक्के होती. स्थिर नोकरी धरणाऱ्यांपेक्षा अशा आरोपांत सापडणाऱ्यांची वाढ दुप्पट होती. पोलीस, न्यायालये व तुरुंग यांच्या खर्चात शासनाची बचत जवळजवळ गडप झाली. आरोप म्हणजे सिद्ध अपराध नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि दोन गटांतील फरकाचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

याच कायद्याने अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना अन्नसाहाय्यास आजन्म अपात्र ठरविले; राज्यांना ही तरतूद सौम्य करण्याची मुभा होती. फ्लॉरिडाने ती अशा पदार्थांचा व्यापार करणाऱ्यांपुरती ठेवली. तेथील अपात्र व्यक्ती पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण वाढले, आणि तेही मुख्यत्वे द्रव्यलोभाच्या गुन्ह्यांमुळे. बहुतेक राज्यांनी पुढे ही बंदी शिथिल वा रद्द केली.

साहाय्य किती, याइतकेच ते केव्हा मिळते यालाही महत्त्व आहे. सी. फ्रिट्झ फोली यांनी २०११ मध्ये बारा अमेरिकन शहरांविषयी दाखविल्याप्रमाणे, जेथे बहुतेक रकमा महिन्याच्या आरंभी वाटल्या जातात तेथे दिवस सरतील तसे पैशासाठी केलेले गुन्हे वाढतात; इतर गुन्ह्यांत तसा क्रम आढळत नाही. उलट कॅलिफोर्नियात साहाय्य हाती पडताच अमली पदार्थांच्या सेवनामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढते. म्हणजे एकाच महिन्याच्या दोन टोकांना दोन भिन्न प्रश्न उभे राहतात, आणि रक्कम दोन-तीन हप्त्यांत विभागण्याच्या सूचनेमागे हेच कारण आहे.