दिनविशेष : ८ सप्टेंबर १९६६ – ‘स्टार ट्रेक’ पडद्यावर

अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेचा पहिला भाग या दिवशी दाखवला गेला. त्यातल्या राक्षसाला माणसाच्या अंगातलं मीठ लागायचं. म्हणून चित्रीकरणासाठी विचित्र आकाराच्या मीठदाण्या आणल्या गेल्या. पण त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळणारच नाही, असं लक्षात आलं आणि त्या मालिकेतल्या डॉक्टर मॅकॉय यांच्या हाती शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणून गेल्या! निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या गाठीला पैसा बेताचाच होता.

प्रेक्षकसंख्याही बेताचीच. दुसऱ्या वर्षी मालिका बंद होणार अशी कुणकुण लागताच बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. वाहिनीकडे पत्रांचा एवढा ढीग पडला की मार्च १९६८ मध्ये मालिका सुरू राहणार असल्याचं पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं. मिळाली मात्र शुक्रवारी रात्री दहाची वेळ, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची. तिसऱ्या वर्षाच्या कथाही, खरं सांगायचं तर, पडेलच. १९६९ मध्ये ७९ भागांवर गाशा गुंडाळला.

खरी चलती झाली ती नंतर, स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणातून. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं, तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळेच नासाच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळालं. ते शटल अंतराळात मात्र कधीच गेलं नाही.